आजीचं सहस्रचंद्रदर्शन, तेरा माणसं आणि पहिलीच क्रूझ : मदत हवी आहे

नातू_क्रमांक_३

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूकभूल सांभाळून घ्या.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन या माघात आहे. ठाण्यात हॉल, केटरर, गुरुजी, दोनशे पानं, 'कृपया आहेर आणू नये' अशी तळटीप, सगळं ठरत आलं होतं. तेवढ्यात दादाने पिल्लू सोडलं : "हॉलला एवढे पैसे घालवण्यापेक्षा सगळे मिळून क्रूझला जाऊ." आता घरात दुसरा विषय नाही.

माणसं मोजून घ्या. आजी (८१, गुडघे कुरकुरतात, कान आणि जीभ शाबूत). आईबाबा, त्यातले बाबा दोन वर्षांपूर्वी बायपास झालेले. काका-काकू. दादा-वहिनी आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. मी, बायको, आमचा सहा वर्षांचा उपद्व्यापी. ताई-भावजी, आणि ताईला सध्या चौथा महिना. वहिनी जैन, कांदालसूण नाही, कंदमुळं नाहीत. काकूला ठाणे ते दादर बसमध्येसुद्धा पिशवी लागते. चार पिढ्या, तेरा डोकी, आणि यातलं एकही कधी क्रूझवर गेलेलं नाही.

दादाच्या मनात सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची सफर आहे, मलेशिया-थायलंड करून परत सिंगापूर. मला विचाराल तर मला सगळ्याचीच भीती वाटते. खर्च, खोल्या, औषधं, जेवण, जे सुचेल ते सांगा.

---

खवट_खोबरं

तेरा माणसांचं रविवारी दुपारी कुठल्या हॉटेलात जेवायचं यावर एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही थेट बोटीवर निघालात. शुभेच्छा.

(मी जागा पकडून ठेवतोय. धागा रंगणार.)

---

अबोली

आम्ही तीन पिढ्या, नऊ जण गेलो होतो. अनुभवाचे बोल सांगते.

पहिली गोष्ट खोल्या. जाहिरातीत 'एका केबिनमध्ये चौघं' लिहितात. त्यातले दोन पलंग खाली असतात आणि उरलेले दोन रात्री छतातून खाली उतरतात, शिडी लावून चढायचं. सासऱ्यांना त्या शिडीवर बघून माझ्या पोटात गोळा आला होता. वरचे पलंग फक्त मुलांना आणि धडधाकट माणसांना. ज्येष्ठांना दोघांत एक केबिन, शक्यतो लिफ्टजवळ, पण लिफ्टच्या अगदी समोर नको, रात्रभर माणसांची ये-जा असते. बाथरूमच्या दाराला वीतभर नसला तरी चांगला जाणवणारा उंबरठा असतो. आजींना पहिल्याच दिवशी तो दाखवून ठेवा. रात्री झोपेत तिथेच ठेच लागते.

डेकचा नकाशा घेऊन बसा आणि तुमच्या केबिनच्या वर-खाली काय आहे ते बघा. आमच्या डोक्यावर नाचायची जागा निघाली. रात्री दीडपर्यंत ढिशुम ढिशुम.

दुसरी गोष्ट, दिवसभर सगळ्यांनी एकत्र फिरायचा अट्टहास सोडा. आम्ही पहिला दिवस एकमेकांना शोधण्यात आणि वाट बघण्यात घालवला. नणंद रुसली, सासरे दमले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने फर्मान काढलं : संध्याकाळी साडेसातला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी हजर राहायचं, बाकी ज्याने त्याने बघावं. त्या क्षणापासून सहल सुरू झाली. एकत्र टेबल हवं असेल तर ते आधीच कळवून ठेवावं लागतं. ऐनवेळी नऊ जणांचं टेबल मिळत नाही, तेराचं तर सोडाच.

आणि एजंटकडून सगळं लेखी घ्या. आमच्या एजंटने (नाव घेत नाही) तोंडी सांगितलेल्या आकड्यात बंदर शुल्क धरलंच नव्हतं. ते नंतर उगवलं.

---

हिशेबनीस

अबोलीताईंचा शेवटचा परिच्छेद चौकटीत लावून ठेवा.

क्रूझचं भाडं माणशी असतं आणि ते दोघांनी एक केबिन घेतली असं धरून सांगतात. केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला बहुतेक वेळा कमी पडतं. एकटा माणूस एका केबिनमध्ये राहिला तर जवळपास दोघांचं भाडं भरावं लागतं. तुम्ही तेरा, म्हणजे विषम. आजींना एकटं ठेवू नका, खिशासाठीही आणि आजींसाठीही.

त्यावर बंदर शुल्क आणि कर. त्यावर ग्रॅच्युइटी, म्हणजे सक्तीची बक्षिसी. परदेशी बोटींवर ही दिवसाला माणशी साधारण १५ ते २० डॉलर असते आणि मुलांनाही चुकत नाही. १८ धरले तर १३ माणसं गुणिले ४ रात्री, झाले ९३६ डॉलर. हे नुसते 'थँक्यू'चे. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो विवरणपत्र भरताना जमा दिसतो, पण आज खिशातून जातोच.

बोटीवर रोख चालत नाही. प्रत्येकाला एक कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. मुलांच्या कार्डावरची खर्चाची सोय स्वागतकक्षात सांगून बंद करून घ्या. माझ्या भाच्याने गेम झोनमध्ये जे केलं ते आमच्याकडे अजून लग्नाकार्यात निघतं.

---

स्टेथोस्कोप

ताईचं आधी. बहुतेक क्रूझ कंपन्या २३ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतींना घेत नाहीत. आणि हे आठवडे बुकिंगच्या दिवशी नव्हे, सफर संपण्याच्या दिवशी किती होतील ते मोजायचे. माघात ती नेमकी काठावर येईल. डॉक्टरांचं पत्र असलं तरी आठवडे उलटले असतील तर धक्क्यावरून परत पाठवतात. तान्ह्या बाळांनाही साधारण सहा महिन्यांची अट असते, इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो.

बाबा : डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि चालू गोळ्यांची यादी, तिन्हींचे फोटो दोघातिघांच्या मोबाईलवर ठेवा. मोठं सामान धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. तोवर दुपारची गोळी बॅगेत अडकलेली. औषधं कायम हातातल्या पिशवीत. विमा घेताना बायपास लपवू नका, लपवलेल्या आजाराचा दावा फेटाळला जातो. बोटीवर डॉक्टर असतो, पण तो प्राथमिक उपचारांचा. गंभीर काही झालं तर पुढच्या बंदरात उतरवतात किंवा हेलिकॉप्टर बोलावतात, आणि त्याचं बिल बघून दुसरा झटका येईल. वैद्यकीय स्थलांतराचा खर्च विम्यात आहे ना, तेवढं वाचा.

काकू : गोळी निघण्याआधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. ॲव्होमिन सगळ्यांच्या घरात असते, पण म्हणून आजींना ती देऊ नका. उतारवयात तिने गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, तोल जातो, पुरुषांत लघवी तुंबू शकते. हलत्या बोटीवर गुंगीतला म्हातारा माणूस म्हणजे फ्रॅक्चरला आमंत्रण. आजींच्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा. आल्याची वडी, मोकळी हवा आणि क्षितिजाकडे नजर हे सगळ्यांना चालतं.

आणि हात धुवा, साबणाने. बंद जागेत जुलाब-उलट्यांचा विषाणू झपाट्याने पसरतो, नुसत्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही.

---

सिंगापूरवासी

इथे राहून तीनदा झालंय. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीने झाकलेली आहे, त्यामुळे पाणी बहुधा शांत. काकूंना त्रास कमी. इथून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, पण बुकिंगच्या वेळी लिहून द्यावं लागतं आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावं लागतं.

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो. तुम्ही बोटीने बाहेर जाऊन परत येणार, म्हणजे दोनदा प्रवेश. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते कागद हातात आल्यावर बघा. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. आणि बोट सुटली की फोन विमान मोडवर. समुद्रातलं नेटवर्क आपोआप पकडलं जातं आणि एका व्हिडिओ कॉलमध्ये परतीच्या तिकिटाचे पैसे जातात.

---

तुळस_पेठकर

सगळं वाचलं. माहिती छानच. पण मला एक सांगा, सहस्रचंद्रदर्शन आजींचं ना? मग आजींना कुणी विचारलं का?

आणि ८१ दिव्यांनी ओवाळणार कसं? बोटीवर मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काही चालत नाही. इस्त्री आणि किटलीसुद्धा काढून घेतात.

---

खवट_खोबरं

८१ मोबाईलचे टॉर्च. विमान मोडवर.

---

नातू_क्रमांक_३

तुळसताई, खोटं कशाला बोलू, नाही विचारलं. आम्ही तिला 'सरप्राइज' देणार होतो. आज रात्री विचारतो.

डॉक्टरसाहेब, ताईने आठवडे मोजले. सफर संपेल तेव्हा २३ आणि वर एक दिवस. भावजींनी कॅलेंडर दोनदा मोजलं, एक दिवस काही कमी होईना.

---

नातू_क्रमांक_३

विचारलं.

आजी निवडत होती, पावटे. मान वर न करता म्हणाली, "बोट मालवणाक लागतली काय? तेवढा सांग."

मी म्हटलं, नाही गं, सिंगापूरहून पेनांग, तिथून...

"मगे माका कित्या व्हयी?"

आजीचं माहेर मालवण, मेढ्यात घर. १९६३ साली लग्न होऊन ती बोटीने मुंबईला आली. मग सुरू झाली. बोट बंदरात आत यायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, आणि लाटेवर पडाव वर आला की त्या क्षणाला खलाशी दंडाला धरून वर ओढायचा. नवी नऊवारी, डोक्यावर अक्षता, आणि दंडावर परक्या माणसाची पाच बोटं उमटलेली. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी करत करत दुसऱ्या दिवशी भाऊचा धक्का. डेकवर वळकटी पसरून झोपायचं. तिच्या सासूबाईंना बोट लागली, हिला नाही. "सासू आडवी आणि मी पावसकरणीवांगडा गजाली मारतंय," हे सांगताना साठ वर्षांनीही तिच्या डोळ्यांत जे काही होतं त्याला विजय म्हणतात.

ही गोष्ट मी ३५ वर्षांत पहिल्यांदा ऐकली. बाबांनीसुद्धा.

आणि हो, शोधाशोध केल्यावर कळलं की आजीचा पासपोर्टच नाही.

---

अबोली

डोळ्यात पाणी आणलंत. सिंगापूर रद्द करा.

---

हिशेबनीस

+१. ९३६ डॉलर वाचले.

---

कोकणकडा

मुंबई-गोवा क्रूझ आहे की. हिवाळ्यात मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी निघतात. पासपोर्ट लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. पण एक मनात येतं ते लिहितो, राग मानू नका. आमच्या आजोळी 'रामदास' बोट बुडाली तिच्यात गेलेली माणसं आहेत. आजही आमच्याकडे बोट म्हटलं की मोठी माणसं गप्प होतात. तुमच्या घरी असं कुणाच्या मनात आहे का, ते बघून घ्या.

---

खवट_खोबरं

अहो, शुभ बोला ना.

---

दर्यावर्दी

कोकणकडा यांचं चुकलं नाही. विषय काढला ते बरं केलं, झाकून ठेवलेली भीती समुद्रात जास्त हलते. मी व्यापारी जहाजांवर ३१ वर्षं काढली, इंजिनात. थोडं सविस्तर लिहितो.

'रामदास' १७ जुलै १९४७ ला बुडाली, गटारी अमावस्येला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, भर पावसाळ्यात, सहाशेच्या वर माणसं गेली. आज मुंबईहून सुटणारी क्रूझ पावसाळ्यात इथे नसतेच. आपल्या कोळ्यांना जे नारळी पौर्णिमेचं गणित कळतं तेच कंपन्यांनाही कळतं. डिसेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र इतका गुळगुळीत असतो की पहिल्यांदा आलेले लोक 'बोट सुटली का?' असं विचारतात. मोठ्या बोटींना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डुलणं बरंच मारतात. तरी काकूंसाठी केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या. झोपाळा टोकाला जास्त हलतो, दोरीच्या मुळाशी कमी. बोटीचंही तेच.

सुरक्षा कवायत टाळू नका. इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' १३ जानेवारी २०१२ ला खडकावर गेली, ३२ माणसं दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत व्हायची होती, कारण तेव्हा ती २४ तासांत कधीही घेतली तरी चालायचं. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावीच लागते. आजींना खुर्ची मागा, देतात.

आता मुख्य मुद्दा. आजींना मालवण दिसेल का? नाही. क्रूझ मालवणला थांबत नाही, आणि किनाऱ्यालगतही जात नाही. जुनी कोकण बोट बंदरं धरत जायची, ही लांबून सरळ जाते. तीस मीटर उंच डेकवर उभं राहिलं तर क्षितिज साधारण २० किलोमीटरवर असतं. बोट त्याहून बरीच बाहेर असेल तर सिंधुदुर्गाची तटबंदी डोळ्यांना काहीच लागणार नाही, शिवाय ते अंतर रात्री कापलं जातं. कुणी 'बोटीतून कोकण किनारा बघा' असं सांगत असेल तर तो विकायला बसलाय.

पण पौर्णिमा धरून जाताय ना? मग एक करा. जाताना तोंड दक्षिणेला, म्हणजे किनारा डाव्या हाताला. संध्याकाळी चंद्र डावीकडून, जमिनीवरून उगवेल. पहाटे तोच उजवीकडे, उघड्या समुद्रात मावळेल. गोव्याला सकाळी पोचणारी बोट मालवणच्या बाहेरून पहाटे जाते. उठलात तर डावीकडे बघा. डोळ्यांना काळोख दिसेल, फार तर एखादं दीपगृह. बाकी आजींना ठाऊक.

---

कुडाळची_वैनी

एवढा कशाक? गोव्यात उतरा आणि गाडयेन मालवणाक येवा! काही वेळापत्रकांत मुंबई-गोवा एकेरी प्रवास मिळतो, तो बघा. मुरगाव बंदरातून पत्रादेवी-बांदा-सावंतवाडी-कुडाळ करत मालवण साडेतीन-चार तास, मध्ये जेवायला थांबून पाच धरा. परत जाताना कुडाळहून रेल्वे. गर्भवती ताईंना थेट रेल्वेने कुडाळला आणा, बोटीचे आठवडे मोजत बसायला नको. ८१ दिवे मालवणात लावा. तिकडे किटली काढून घेणारा कुणी नाही.

---

तुळस_पेठकर

वैनी, साष्टांग.

---

नातू_क्रमांक_३

ठरलं! एकेरी बोट, मग मालवण. बाराजण बोटीने, ताई-भावजींपैकी ताई एकटी कशी येणार म्हणून भावजीही रेल्वेने, म्हणजे अकराच. (हिशेबनीस, हसू नका.)

केबिन पाच : आजी आणि पुतणी, आईबाबा, काका-काकू, दादा-वहिनी, आणि आम्ही तिघं. आजीबरोबर पुतणी ही वहिनीची कल्पना. बारा वर्षांची पोर रात्री दिवा लावायला, उंबरठा दाखवायला बरी. शिवाय दोघींनाही रात्री अकरापर्यंत झोप येत नाही.

दोन बारीक प्रश्न. आजीसाठी घरचे लाडू नेता येतील का? आणि व्हीलचेअर न्यावी का? तिला राग येतो.

---

अबोली

घरी केलेलं खाणं बऱ्याच बोटींवर नेऊ देत नाहीत, पाकीटबंद चालतं. विचारून घ्या. नाहीतर धक्क्यावर उभं राहून अकराजणांनी लाडू संपवायची तयारी ठेवा, आम्ही चकल्या संपवल्या होत्या.

---

स्टेथोस्कोप

व्हीलचेअर धक्क्यावर मागा, चढण्यापुरती. रांगा, तपासणी, इमिग्रेशनसारख्या खिडक्या यांत दोन-तीन तास जातात आणि चालणं बरंच होतं. साध्या केबिनचं दार अरुंद असतं, बहुतेक खुर्च्या आत जात नाहीत. आत लागणार असेल तर रुंद दाराची वेगळी केबिन आधीच घ्यावी लागते. तुम्हाला तितकी गरज दिसत नाही. आजींना सांगा की खुर्ची रांग टाळण्यासाठी आहे. रांग टाळायला कुणीही बसतं.

---

कोकणकडा

आणि गोव्याच्या बोटीवर शनिवार-रविवार टाळा, जमलं तर. मित्रांचे कंपू असतात, रात्रभर दणदणाट. आठवड्याच्या मधल्या दिवशी घरगुती गर्दी जास्त असते.

---

नातू_क्रमांक_३

मंडळी, आलो परत. उशीर झाला, माफी. ताई बरी आहे, सगळे बरे आहेत.

थोडक्यात सांगतो. बॅलार्ड पिअरला पोचलो. खुर्चीचं 'रांग टाळायला' हे वाक्य चाललं, आजी राणीसारखी बसली आणि बाबांनाही शेजारच्या खुर्चीत बसायला सांगू लागली. लाडू अडवले नाहीत, आम्हीच घाबरून निम्मे आधी खाल्ले होते. काकूने गोळी वेळेवर घेतली आणि संपूर्ण प्रवास झोपून काढला. एकही उलटी नाही, एकही आठवण नाही. वहिनीला जैन थाळी आधी बटाट्यासकट आली, दुसऱ्यांदा सांगितल्यावर सुधारली. उपद्व्यापी साडेनऊ वाजता तरणतलावाशेजारी झोपला. साडेसातचं जेवण हा नियम अक्षरशः पाळला, अबोलीताई. अकराजणांसाठी दोन टेबलं जोडून मिळाली, मधे फट होती, मीठ सारखं त्या फटीत पडत होतं.

कवायतीत आजीने लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघितला आणि शिकवणाऱ्या मुलाला विचारलं, "तुका पोवाक येता?" तो मुलगा मणिपूरचा होता. पुतणीने भाषांतर केलं. येतं म्हणाला. मग आजीने मान डोलावली.

चंद्र संध्याकाळी डावीकडून उगवला, दर्यावर्दी काकांनी सांगितलं तसाच, मुंबईच्या धुरकट उजेडावर तांबूस. सगळ्यांनी फोटो काढले. आजीने हात जोडले आणि म्हणाली, थंडी वाजते, आत चला. मला वाटलं, संपलं एवढ्यात?

पहाटे पुतणीने दार ठोठावलं. आजी केबिनमध्ये नव्हती. माझं काळीज घशात. धावत वर गेलो तर ही डाव्या बाजूच्या कठड्याशी, शाल डोक्यावरून घेऊन, सफाईवाल्याने दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत. उजवीकडे चंद्र पार खाली गेलेला, पाणी चकाकत होतं, तिकडे तिची पाठ. डावीकडे काहीच नव्हतं. नुसता काळोख आणि खूप वेळाने एकदा, मला भास झाला की काय, एक बारीक उजेड.

मी म्हटलं, आजी, चंद्र तिकडे आहे.

"हजार बगलंय," म्हणाली. "तो खंय जाता?"

वीस मिनिटं तिथेच बसली. मी पण. मग पुतणी चहा घेऊन आली.

मालवणात ८१ दिवे अंगणात लावले. वारा होता, एका वेळी सगळे काही पेटलेले राहिले नाहीत, ताई तिकडून पेटवत येईपर्यंत इकडचे विझत होते. दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्गापर्यंत नेलं. होडीवाल्याने तिला चढवताना दंडाला धरलं, तेव्हा तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. शपथ घेऊन सांगतो, आजीने डोळा मारला.

---

कुडाळची_वैनी

आणि परत जाताना आमच्याकडे चहाक नाय इलात. लक्षात ठेवलंय.

---

दर्यावर्दी

नातू, पहाटे किती वाजता बसल्या होत्या? आणि धक्क्याला बोट किती वाजता लागली?

---

नातू_क्रमांक_३

मी वर गेलो तेव्हा ५:४० झाले होते. मुरगावला ९ ला लागली.

---

दर्यावर्दी

शेवटचा तास पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, घेऊन सावकाश जाण्यात धरा. त्याआधी साधारण १६ नॉटचा, म्हणजे तासाला १६ सागरी मैलांचा वेग. म्हणजे ५:४० ला मुरगावच्या उत्तरेला ३५-४० सागरी मैलांवर. मालवण बरोब्बर तिथेच येतं. त्या वेळी डावीकडे थेट मालवण होतं, दिसत नव्हतं इतकंच. बोटीवरच्या कुणी त्यांना वेळ सांगितली होती का?

---

नातू_क्रमांक_३

कुणीच नाही. पुतणी शपथेवर सांगते.

तुमचा प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. परत पावटेच निवडत होती.

"माका ठावक होता," म्हणाली. "वास इलो."